तो ‘आवरतोय’ म्हणाला होता

सिस्टरला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती चार धडधाकट माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं करत होती.

“मोठ्यानं,” ती म्हणत होती. “मरावंसं वाटतंय का? शब्द गिळायचा नाही. गिळायला ती काय गोळी आहे? पुन्हा.”

ते चौघं आमच्या फोनलाइनचे नवे स्वयंसेवक होते. त्यात एक निवृत्त बँकवाले होते. त्यांच्या तोंडून ‘मरावंसं’ हा शब्द बाहेरच येईना. ‘तसं काही मनात येतंय का’ इथपर्यंत येऊन ते खोकायचे. सिस्टरनं त्यांच्याकडून दहा वेळा वदवून घेतलं. आमच्या खोल्यांच्या खाली दातांचा दवाखाना आहे. तिथं खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या एका पेशंटनं म्हणे डॉक्टरांना हातानंच खूण करून विचारलं, हे मलाच विचारतायत का.

आमचं काम सांगायला सोपं आहे. ज्याला जगणं नकोसं झालंय, किंवा ज्याच्या घरातलं माणूस हाताबाहेर गेलंय, तो आम्हाला फोन करतो. तीन फोन आहेत, दोन खोल्या आहेत आणि एक व्हॅन आहे. फोनवर भागलं नाही तर व्हॅन घरी जाते. व्हॅनमध्ये सिस्टर असते, आणि गाडी चालवायला काका. आधी गाडीवर मोठ्या अक्षरांत संस्थेचं नाव होतं. गाडी आली की शेजारी गोळा व्हायचे आणि ज्यांच्याकडे जायचं तेच दार लावून घ्यायचे. शेवटी काकांनी एका रविवारी अख्खी गाडी करडी रंगवून टाकली. आता ती नळ दुरुस्तीवाल्यांची वाटते, आणि लोक खुशाल दार उघडतात. दोनदा तर काकांना गळका नळही दाखवलाय. काका म्हणतात, “मी दुरुस्त करून दिला. तेवढंच पुण्य.”

मी आठवड्यातून तीन दिवस फोन घेते. कॉलेजात चौतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे सगळे मला बाई म्हणतात. माझ्याबद्दल एवढं पुरे.

सिस्टर छप्पन वर्षांची आहे. बुटकी, दणकट, केस कापलेले, बोलायला फटकळ. सव्वीस वर्षं हॉस्पिटलात काढली, त्यातली आठ मनोरुग्णांच्या वॉर्डात. तिचा नवरा ऑफिसात फायली सांभाळतो, गरीब माणूस आहे. तो एकदा मला म्हणाला, “बाई, ही घरी आली की आधी माझ्या डोळ्यांत बघते आणि मग भाजीत. मी बरा आहे याची खात्री झाल्याशिवाय जेवायला वाढत नाही.”

कुणाच्याही घरात शिरताना ती बूट काढते. आत काचा पडलेल्या असल्या तरी काढते, आणि मग काचा चुकवत जाते. पेशंट जमिनीवर बसलेला असेल तर ही खुर्चीवर बसणार नाही. आणि पहिलं वाक्य नेहमी एकच: “पाणी द्याल का थोडं?” मी विचारलं, तुला एवढी तहान कशी लागते गं? म्हणाली, “तहान कुठली! माणूस चार दिवस एका जागी बसलेला असतो. पाणी द्यायला एकदा तरी उठतो. उठला की निम्मं काम झालं.”

हे सगळं तिला कुणी शिकवलं नाही. लहानपणी तिच्या घरात दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत वडिलांचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत आई. आईला मधूनमधून झटका यायचा. मग ती तरातरा रस्त्यावर जायची, मोठमोठ्यानं बोलायची, अंगावर काय आहे आणि काय नाही याचं भान नसायचं. आत्या ओरडायची, “अगं आवर तिला, आवर!” ही नऊ वर्षांची. आईचे दोन्ही हात धरून तिला मागं ओढत आणायची, मागच्या खोलीत घालायची आणि कडी लावायची. वडील मशीनवरचा पाय न काढता विचारायचे, “आवरली का?” ही म्हणायची, “आवरली.” मग मशीन पुन्हा सुरू. एखाद्या दिवशी आई आपणहून शांत राहायची, दोन्ही मुठी मांडीखाली दाबून बसायची. त्या दिवशी आत्या कौतुकानं सांगायची, “आज स्वतःला आवरलंय हं तिनं.” तो घरातला चांगला दिवस. ही एकोणीस वर्षांची असताना आई गेली. सिस्टर हे सांगते तेव्हा डोळे-बिळे पुसत नाही. ताप किती होता हे सांगावं तसं सांगते.

हे सगळं मी मुद्दाम सविस्तर लिहिलंय. कारण त्याशिवाय त्या मंगळवारची चूक कळायची नाही. ती चूक तिची होती, आणि माझीही.

आमच्याकडे प्रत्येक फोनचा एक कागद असतो. त्यावर माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, हा सिस्टरनंच घालून दिलेला नियम. ‘निराश आहे’, ‘खचला आहे’ असले आपले शब्द चालत नाहीत. तो ‘डोक्यात माती भरलीय’ म्हणाला, तर माती लिहायची. मग सिस्टर कागद वाचते आणि कोपऱ्यात रंगीत पेन्सिलीनं खूण करते. लाल म्हणजे व्हॅन आत्ता निघणार. पिवळा म्हणजे आज संध्याकाळच्या आत. हिरवा म्हणजे उद्या आपण फोन करायचा.

चष्मेवाला आम्हाला चार महिने फोन करत होता. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचं त्याचं काम. तिसाव्या वर्षापासून तेच करत आलेला. मग हात थरथरायला लागले. मालकानं त्याला आधी काउंटरवर बसवलं, आणि तिथंही फ्रेम हातातून पडायला लागल्या तेव्हा घरी. एकटाच राहायचा. खालच्या मजल्यावर थोरला भाऊ आणि वहिनी. फोन नेहमी दुपारी दोनला, जेवून झाल्यावर. बोलणं रडकं. “बाई, हात बघवत नाहीत माझेच.” “बाई, आज दाढी करताना तीनदा कापलं.” मी दर वेळी विचारायची, मरावंसं वाटतंय का, आणि तो दर वेळी म्हणायचा, “वाटतं हो. पण करणार नाही.” फोनवर भागलं नाही तर पिवळा कागद, सिस्टर संध्याकाळी जाऊन यायची. चार महिन्यांत पाचदा गेली.

त्या मंगळवारी त्याचा फोन सकाळी अकराला आला. आवाज स्वच्छ. मला आधी ओळखूच येईना.

“आज बरं वाटतंय, बाई.”

“अरे वा. काय करताय?”

“आवरतोय.”

बाजूचा एक फोन वाजत होता. दुसऱ्यावर बँकवाले अजूनही ‘मरावंसं’पाशी अडले होते. मी नियमाप्रमाणे विचारलं, “मरावंसं वाटतंय का?”

“नाही हो बाई. आता तसं काही वाटत नाही. तुम्ही फार ऐकून घेतलंत माझं. ठेवतो.”

मी कागदावर लिहिलं: ‘आज बरं वाटतंय. आवरतोय. मरावंसं वाटत नाही.’ अगदी जसेच्या तसे शब्द. पोरांच्या पेपरात मोघम शब्द दिसला की मी लाल शाईनं गोल करून लिहायची, म्हणजे काय? त्या दिवशी नाही विचारलं. वेळ नव्हता हे खरं आहे. पण दुसरंही खरं आहे: त्याचं रडगाणं एक दिवस तरी ऐकावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं होतं.

सिस्टरनं कागद उभ्याउभ्याच वाचला. तिचा चेहरा खुलला. “आवरतोय? शाबास. चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःला आवरतोय बघा माणूस. मी म्हणत होते ना!” आणि तिनं हिरवी खूण केली.

मीही मान डोलावली.

साडेअकराला ती आणि काका दुसऱ्या घरी गेले. तिथं एक आजीबाई सकाळपासून भांडी खिडकीतून खाली फेकत होत्या. पुढचं मला सिस्टरनं आणि काकांनी वेगवेगळं सांगितलं, पण दोघांचं जुळतं. सिस्टरनं बूट काढले, पाणी मागितलं. आजीबाईंनी पातेलंभर पाणी तिच्या अंगावर ओतलं. सिस्टर म्हणाली, “पेल्यात चाललं असतं.” तेव्हा आजीबाई हसल्या. अर्ध्या तासात त्या दवाखान्यात यायला तयारही झाल्या. त्यांच्याबरोबर सून येणार होती.

“चला,” सिस्टर म्हणाली.

“पाचच मिनिटं हं,” सून आतून म्हणाली. “माझं आवरतच आलंय. गॅस बंद केला, खिडक्या लावते, की निघाले.”

काका सांगतात, सिस्टर दारात उभी होती ती तशीच राहिली. अंगावरून पाणी गळतंय, एक बूट हातात. त्यांना वाटलं, थंडी भरली.

“काका,” ती म्हणाली, “बाईंना फोन लावा.”

मी फोन घेतला. तिनं नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

“चष्मेवाला आवरतोय म्हणाला, तेव्हा काय आवरतोय म्हणाला?”

“एवढंच. आवरतोय.”

“स्वतःला? का घर?”

मी कागद शोधायला लागले.

“बाई, विचारलंत का?”

“नाही.”

“ठेवते,” ती म्हणाली.

मी तो कागद पुन्हा वाचला. शब्द तेच होते. ‘तुम्ही फार ऐकून घेतलंत’ हे मी लिहिलंच नव्हतं, शिष्टाचाराचं वाक्य म्हणून गाळलं होतं. आता तेच डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बँकवाल्यांना म्हटलं, “तुम्ही लावत राहा,” आणि जुन्या कागदांत त्याच्या भावाचा नंबर शोधला. तो आमच्याकडे नव्हताच. चार महिन्यांत चष्मेवाल्यानं तो दिला नव्हता. “दादाला कळू देऊ नका,” एवढंच म्हणायचा.

तिकडे आजीबाई आणि सून मागच्या सीटवर सिस्टरच्या शेजारी. त्यांना उतरवण्यात वेळ घालवायचा नव्हता. काकांनी पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली, आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही. त्या दिवशी दोन तोडले. आजीबाई मागून ओरडत होत्या, “अरे हळू, मारतोस का मला?” आणि काका म्हणत होते, “आजी, तुमचं नंतर. आधी दुसऱ्याचं बघू.”

तिसऱ्या मजल्यावर त्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. सिस्टरनं ढकललं.

तो होता. खाटेच्या लाकडावर बसलेला, गादीची वळकटी करून बाजूला बांधलेली. दाढी केलेली, गालावर कापल्याच्या दोन खुणा. खोली लख्ख. भांडी पेट्यांत, पेट्यांना दोऱ्या. भिंतीवरचं घड्याळ आणि फोटो काढून वर्तमानपत्रात गुंडाळलेले. टेबलावर पाकिटांची रांग, प्रत्येकावर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत कुणासाठी ते लिहिलेलं. एक ‘दादा’. एक ‘वहिनी’. एकावर ‘फोनवाल्या बाई’. ते पाकीट पुढं सिस्टरनं मला आणून दिलं, अजून माझ्याकडे आहे. मी उघडलेलं नाही, आणि उघडणार नाही.

फोन वाजत होता. बँकवाल्यांचा. तो त्याच्याकडे बघत होता, उचलत नव्हता.

सिस्टर एका पायात बूट घालूनच आत गेली होती. तो तिनं काढला आणि खाली बसली. श्वास लागला होता. आणि सवयीनं तोंडातून तेच गेलं, “पाणी द्याल का थोडं?”

“पेला नाही, सिस्टर,” तो म्हणाला. “बांधून टाकले सगळे.”

“मग सोडा एक पेटी.”

“आता कशाला!”

“मला तहान लागलीय म्हणून.”

त्या दिवशी तिला खरोखर लागली होती. तो बसूनच राहिला. काका दारात उभे. त्यांनी आपली बाटली पुढं केली, तर सिस्टरनं हातानं नको म्हटलं. मग ती बोलली. मी तिला वर्षानुवर्षं बघते आहे. पेशंटसमोर ती स्वतःबद्दल बोलत नाही, तो तिचाच नियम. त्या दिवशी तिनं तो मोडला.

“सकाळी तुमचा कागद माझ्या हातात होता. मी तो उद्यावर टाकला. चूक माझी.”

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“मी सांगितलं होतं बाईंना,” तो म्हणाला. “आवरतोय म्हणून. अजून काय सांगायचं माणसानं?”

“बाईंनी विचारलं होतं, मरावंसं वाटतंय का. तुम्ही नाही म्हणालात.”

“खरंच नव्हतं वाटत. वाटत होतं तेव्हा मी हो म्हणत होतो ना दर वेळी? वाटणं संपलं. रविवारी ठरलं.” तो पाकिटांकडे बघत होता. “फोन ठेवल्यावर मी दीडपर्यंत थांबायचं ठरवलं. कुणी आलं तर बघू म्हटलं.”

भिंतीवर घड्याळ नव्हतं. काकांनी मनगटाकडे पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. हे त्यांनी सिस्टरला तेव्हा सांगितलं नाही, तीन दिवसांनी सांगितलं.

ती तिथं दोन तास बसली. मधेच काका आजीबाईंना आणि सुनेला दवाखान्यात सोडून परत आले. दोन तास काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. एवढं कळलं की पाकिटं त्यानं टेबलावरून उचलली नाहीत, पेटीची दोरी सोडली नाही. ‘आता सगळं ठीक होईल’ असलं ती काही म्हणाली नाही. तिनं एकच मागणी केली: दवाखान्यात चला, आणि जाताना दादाला तुम्ही स्वतः सांगा.

“दादाला नको.”

“मी कागद वाचून चुकले. दादांकडे तर कागदही नाही. त्यांनी कशावरून ओळखायचं?”

“त्याला झेपायचं नाही.”

“नसेल झेपत. तरी सांगा.”

सव्वातीनच्या सुमाराला ते खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर भाऊ दारातच उभा होता. करडी गाडी बघून त्याला वाटलं होतं, वर नळ फुटला.

“काय झालं रे? पाणी गळतंय का?”

“नाही, दादा.”

“मग ही माणसं कोण? पिशवी कसली? कुठं निघालास?”

“दवाखान्यात.”

“कशाला?”

चष्मेवाल्याचे दोन्ही हात थरथरत होते. पिशवी काकांनी धरली. सिस्टर म्हणजे भिंतीशी दहा वेळा वदवून घेणारी बाई, पण तिथं तिनं ओठ मिटून घेतले.

“मी आज मरायचं ठरवलं होतं,” तो म्हणाला.

“हळू बोल!” भाऊ म्हणाला आणि जिन्यात वर-खाली बघितलं. “वहिनी झोपलीय आत. लोक ऐकतील. काहीतरीच काय बोलतोस?”

“दादा, मी मरायचं ठरवलं होतं,” तो पुन्हा म्हणाला. आवाज तेवढाच.

भाऊ कठड्याला धरून पायरीवर बसला. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “काल रात्री तर जेवायला आला होतास.” मग तेच आणखी दोनदा. बरोबर चला असं सिस्टरनं म्हटलं, तर नाही म्हणाला, बायकोला काय सांगू, आणि घरात निघून गेला. दार लागलं. चष्मेवाला गाडीत बसला. भाऊ दुसऱ्या दिवशी गेला वॉर्डात, कपडे घेऊन. अर्धा तास बसला. दोघं क्रिकेटवर बोलले म्हणे.

सिस्टर पाचच्या पुढं ऑफिसात आली. खरं तर आली नाही. गाडी खाली उभी राहिली आणि ती मागच्या सीटवरून उतरेचना. काका वर येऊन म्हणाले, “बाई, तुम्हीच या.” मी गेले, तिच्या शेजारी बसले. सीट अजून आजीबाईंनी ओतलेल्या पाण्यानं ओली होती.

“समजा, ती सून आवरायला आत गेलीच नसती, तर?” ती म्हणाली.

समजुतीचं काहीतरी बोलावं, असं मला क्षणभर वाटलं. पण ती सव्वीस वर्षं असल्या समजुती दुसऱ्यांना न देता जगलेली बाई. तिला खोटं काय सांगायचं?

“तर तो गेला असता,” मी म्हणाले. “तुझ्या खुणेनं आणि माझ्या कागदानं.”

तिनं मान हलवली. मग म्हणाली, “आमच्या घरात आवरणं म्हणजे फक्त धरून ठेवणं. दुसरा अर्थ मला येतच नाही, बाई. माझं स्वतःचं घर मी रोज आवरते, आणि तरी येत नाही.”

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. नवऱ्याचा फोन आला, म्हणाला, “बाई, ती कपाटं उपसून बसलीय. काढते, घड्या घालते, पुन्हा काढते. मी काय करू?” मी म्हटलं, तिच्याकडे पाणी मागा. त्याला विनोद वाटला. मी विनोद करत नव्हते.

चौथ्या दिवशी आली. मधल्या काळात आम्ही नियम बदलला होता: मोघम शब्द आला की ‘म्हणजे काय?’ विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, आणि रंगाची खूण दोघांनी मिळून करायची. तिनं वाचलं, सही केली. त्यानं सगळं सुटतं असा माझा भ्रम नाही. पुढचा माणूस कुठला शब्द वापरेल ते मला माहीत नाही, आणि तिलाही नाही.

चष्मेवाला सात आठवडे वॉर्डात होता, आता घरी आहे. औषधांनी हात थोडे कमी थरथरतात. थोडेच. पेट्या उघडल्या आहेत, घड्याळ भिंतीवर लागलंय, पण गादी अजून रोज सकाळी वळकटी करून बांधतो, आणि ते सिस्टरला आवडत नाही. दर गुरुवारी ती त्याच्याकडे जाते. दार उघडलं की तो दर वेळी म्हणतो, “तुम्ही उशिरा आला होतात.”

ती म्हणते, “हो.”

मग तो तिला आत घेतो.